नाकाची षष्ठी

ज्याला दिसत नाही त्याला मराठीने आंधळा म्हटले, ज्याला ऐकू येत नाही त्याला बहिरा, ज्याला बोलता येत नाही त्याला मुका आणि ज्याला धड चालता येत नाही त्याला लंगडा. हे शब्द आता आपण टाळतो आणि त्यांच्या जागी दृष्टिहीन, कर्णबधिर असे शब्द वापरतो, ते योग्यच आहे. परंतु जुने काय आणि नवे काय, यांतला प्रत्येक शब्द एवढेच सांगतो की त्या अवयवाचे काम थांबले आहे. आता नाकाकडे यावे. ज्याला वास येत नाही अशा माणसाला मराठीत काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. नाकाचे व्यंग सांगणारा जो शब्द मराठीने घडवला तो नकटा, आणि नकट्या माणसाला वास उत्तम येतो. त्याचे नाक बसके आहे, आखूड आहे किंवा कापलेले आहे, एवढीच तक्रार त्या शब्दात आहे, आणि ती तक्रार त्या माणसाची नसून त्याच्याकडे पाहणाऱ्याची आहे. नाकातून बोलणाऱ्याला गेंगाणा म्हणतात, हे कुणी पुढे करील. पण तोही शब्द ऐकणाऱ्याच्या कानाला काय खटकते ते सांगतो. डोळ्याचे, कानाचे, पायाचे दुखणे भाषेने त्या माणसाच्या बाजूने मोजले, आणि नाकाचे तेवढे समोरच्याच्या बाजूने.

माझे म्हणणे असे की मराठीत नाक हे इंद्रिय म्हणून फारसे उरलेले नाही, ते दर्जाचे चिन्ह झाले आहे. आणि मथळ्यांत, सभांतल्या भाषणांत, जातपंचायतींच्या निवाड्यांत आणि घरातल्या धाकात या शब्दाचा जो वापर चालतो, त्याची किंमत नाकाच्या मालकाला क्वचित आणि दुसऱ्याच कुणाला नेहमी मोजावी लागते. हा प्रश्न व्याकरणाचा वाटला तरी सार्वजनिक आहे, आणि त्याचे उत्तर थोडेसे व्याकरणातही आहे.

शब्दाच्या कुळाविषयी आधी बोललेले बरे. नाक हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नाही. संस्कृतात नाक आहे, पण तो स्वर्ग: अमरकोशातल्या स्वर्गाच्या नावांत तो अगदी आरंभी येतो, आणि 'न अक', म्हणजे जिथे दुःख नाही ते, अशी त्याची परंपरागत फोड सांगतात. आपले नाक प्राकृतातल्या 'णक्क'चे वंशज आहे आणि हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी या भाषांतही थोड्याफार फरकाने तेच नांदते. नासिका, नासा हे घराणे वेगळे. लॅटिनमधला 'नासुस' आणि इंग्रजीतला 'नोज' त्यांचे दूरचे भाऊबंद. नाकारणे, नाकबूल, नाकर्ता यांच्या तोंडावर नाक दिसते खरे, पण तो नकार आहे, नाक नव्हे. नथ मात्र नाकाचीच. तिचे मूळ नाकाला पाडलेल्या भोकाचे आणि त्यातून ओवलेल्या दोरीचे नाव सांगणाऱ्या जुन्या शब्दांत आहे, त्यामुळे बैलाची वेसण आणि स्त्रीची नथ भाषेच्या नकाशावर एकमेकींच्या शेजारी राहतात. आणि वास घेण्याच्या शक्तीला संस्कृतात जो गंभीर शब्द होता, घ्राण, त्याचे मराठीत काय झाले? घाण. कोशकारांनी नाकासाठी दिलेल्या नावांत घ्राण आहे, गंधवहा आहे, म्हणजे गंध वाहून आणणारी. आणि आपल्यापर्यंत त्यातून पोहोचली ती दुर्गंधी. शब्दांचे नशीबही माणसांसारखेच असते, असे म्हणून सोडून देता आले असते, पण मला ही घसरण पुढच्या सगळ्या गोष्टीची नांदी वाटते.

वाक्प्रचारांची वाटणी करून पाहिली की चित्र स्पष्ट होते. एक लहान गट श्वासाचा आहे. नाकी नऊ येणे, नाकातोंडात पाणी जाणे, नाक दाबले की तोंड उघडते. आणि मरणाच्या दारातल्या माणसाविषयीचे 'नाकाशी सूत धरणे', ज्यात श्वास चालू आहे की थांबला हे पाहण्याची जुनी रीत जशीच्या तशी टिकून राहिली आहे. सूत हलले तर माणूस आहे. या गटात नाक म्हणजे जीव, आणि जीव जितका धापा टाकणाऱ्याचा तितकेच ते नाकही त्याचेच. गंधाचा गट जवळपास नाहीच. 'त्याचे नाक तिखट आहे' असे म्हणतात, पण ते माणसापेक्षा कुत्र्याविषयी अधिक आणि माणसाविषयी म्हटले तर अर्ध्या तक्रारीच्या सुरात. नाक मुरडण्याचा उगम कदाचित वासात असेल. आज कवितेपासून सुनेपर्यंत कशालाही नाक मुरडता येते.

बाकीचा सारा पसारा दर्जाचा आहे. नाक वर करून चालणे, नाक खाली होणे, नाक घासणे, नाक मुठीत धरून जाणे, नाकावर टिच्चून एखादी गोष्ट करणे, नाकावर माशी बसू न देणे, नाकाने कांदे सोलणे, नाकापेक्षा मोती जड होणे, पडलो तरी नाक वर. आणि या सगळ्यांचा राजा, नाक कापणे. यांतले अनेक वाक्प्रचार सुरेख आहेत. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या कोणत्या शब्दांत करता येईल, मला माहीत नाही, आणि ते भाषेतून जावे असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. नाकासमोर चालणारा माणूसही या पसाऱ्यातच उभा आहे, आणि त्याला मात्र दर्जाशी काही देणेघेणे नाही. तो नाकाचा उपयोग फक्त दिशा पाहण्यासाठी करतो. अशी माणसे थोडी, तसेच असे वाक्प्रचारही थोडे.

प्रतिष्ठेसाठी नाकच का निवडले गेले असावे? चेहरा आणि मान यांची सांगड पुष्कळ भाषांत आहे. आपल्या 'अब्रू'चा मूळ फारसी अर्थही चेहऱ्यावरचे पाणी, म्हणजे चेहऱ्याचे तेज असाच आहे. परंतु नाकाची गोष्ट त्याहून भीषण आहे. ते चेहऱ्याच्या मध्यभागी असते, पुढे आलेले असते आणि सहसा झाकता येत नाही. आणि ते कापले तर माणूस मरत नाही. त्याला दिसते, ऐकू येते, बोलता येते, राबता येते. वेठीला लावायचे असेल तर त्याचे हातपाय शाबूत असतात. गेलेले असते ते फक्त लोकांत मिसळण्याचे धैर्य. शिक्षा करणाऱ्याला याहून सोयीचा अवयव मिळणे कठीण होते.

आणि तो अवयव त्याने भरपूर वापरला. प्राचीन इजिप्तमध्ये होरेमहेब राजाच्या फर्मानात लोकांच्या लुबाडणुकीची शिक्षा म्हणून नाक कापून सरहद्दीवर हद्दपार करण्याचे सांगितले आहे. बायझंटाइन सम्राट दुसरा जस्टिनियन याला 695 साली पदच्युत करून त्याचे नाक कापले, कारण विद्रूप माणूस सिंहासनाला अपात्र मानला जाई. तो 705 साली परत आला, त्याच कापलेल्या नाकाने पुन्हा गादीवर बसला आणि 711 पर्यंत टिकला. अपात्रता नाकात नव्हती, मानणाऱ्यांच्या डोक्यात होती, एवढे त्याने सिद्ध केले, जरी माणूस म्हणून तो काही आदर्श नव्हता. नेपाळमधल्या कीर्तिपूरने अठराव्या शतकात पृथ्वीनारायण शहांना कडवा विरोध केला, आणि गाव पडल्यावर तिथल्या लोकांची नाके कापल्याचे जे सांगितले जाते त्यावरून त्याला नासकाटापूर असे नाव पडले.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलका दाखला कौटिलीय अर्थशास्त्रातला आहे. नवरा परगावी असताना स्त्रीने व्यभिचार केला तर काय करावे, याचा नियम तिथे दिला आहे. नवऱ्याने परत येऊन क्षमा केली तर दोघांनाही सोडून द्यावे. त्याने क्षमा केली नाही तर स्त्रीचे नाक-कान कापावे आणि जाराला मृत्युदंड द्यावा. कृत्य तेच, स्त्री तीच. नाक राहील की जाईल हे मात्र एका तिसऱ्याच माणसाच्या मनावर ठरते. याचा अर्थ असा की ज्या नाकाची काळजी कायद्याला होती ते नवऱ्याचे नाक होते, आणि जे कापले जात होते ते बायकोचे. पुढच्या दोन हजार वर्षांचा सगळा वाक्प्रचार या एका नियमात आवळून बसलेला आहे.

शूर्पणखेची कथा याच चौकटीत वाचावी लागते. तिच्या नावात नाक नाही. सुपासारखी नखे असलेली, एवढाच त्या नावाचा अर्थ. तरी लोकस्मृतीत तिची नखे कुणाला आठवत नाहीत, आठवते ते लक्ष्मणाने कापलेले नाक, आणि नाशिक या नावाची लोकप्रिय उपपत्तीही त्याच नाकाशी नेऊन जोडली जाते. माणसाचे नाव मागे पडून त्याला झालेली शिक्षाच त्याची ओळख होऊन बसते, ती अशी.

येथे आपल्या एका आवडत्या अभिमानाकडेही पाहायला हवे. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक पुन्हा जोडण्याची कृती आहे: झाडाचे पान नाकाच्या मापाचे घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा एका बाजूने जोडलेलीच ठेवून सोडवावी, ती नाकाच्या जागी बसवून शिवावी, श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, ज्येष्ठमधासारख्या औषधांची पूड भुरभुरावी, वर कापूस ठेवून तिळाच्या तेलाने भिजवत राहावे. पुढे 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापला गेला, आणि साधारण वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले, अशी ती हकिकत. त्यावरून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने 1814 साली तशी शस्त्रक्रिया केली आणि 1816 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात ही कपाळाच्या कातडीची पद्धत आजही भारतीय पद्धत म्हणूनच ओळखली जाते.

हा अभिमान रास्त आहे. मात्र तो बाळगताना दोन गोष्टी आपण विसरतो. जखमी माणसाचे नाव इतिहासात राहिले, ज्याने नाक घडवले त्याचे राहिले नाही, त्याची फक्त जात नोंदली गेली. आणि दुसरे असे की ज्या समाजात नाक घडवणारे कारागीर तयार होतात, त्या समाजात नाके तितकी कापलीही जात असली पाहिजेत. कुशल वैद्याच्या मागे नेहमी रुग्णांची रांग असते. आपण वैद्याचे गोडवे गातो आणि त्या रांगेविषयी बोलत नाही.

आता व्याकरणाकडे वळतो. 'त्याने परीक्षेत नक्कल केली आणि स्वतःचे नाक कापून घेतले' या वाक्यात नाक ज्याचे, कृत्य त्याचे, लाजही त्याची. 'आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन' या म्हणीतही वेडेपणा करणारा आणि नाक गमावणारा एकच आहे, म्हणून तर ती म्हण विनोदी होते. पण 'तिने घराण्याचे नाक कापले' या वाक्यात षष्ठी, म्हणजे कुणाचे ते सांगणारी विभक्ती, बदलते. नाक घराण्याचे. घराण्याला शरीर नाही, म्हणून त्याला नाकही नाही. ते नाक मग कुणाच्या तरी चेहऱ्यावर ठेवावे लागते, आणि ते बहुधा घरातल्या मुलीच्या चेहऱ्यावर ठेवले जाते. ते तिचे नसते, तिने ते फक्त सांभाळायचे असते. गावाचे नाक, समाजाचे नाक, देशाचे नाक ही सगळी याच षष्ठीची अपत्ये. वाक्यात नाकाचा मालक एक, राखण करणारा दुसरा आणि सुरी चालली तर चेहरा तिसऱ्याचा, ही रचना दिसली की सावध व्हावे, एवढी साधी कसोटी मी सुचवतो. कोणता वाक्प्रचार चांगला आणि कोणता वाईट, याची यादी करण्याची मला गरज वाटत नाही. नाक ज्याचे त्याचेच आहे ना, हा प्रश्न पुरतो.

नाक मोजून माणसाचा दर्जा ठरवण्याचा उद्योग अडाण्यांनीच केला असे मात्र नाही. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात, एकोणतिसाव्या सूक्ताच्या दहाव्या ऋचेत, इंद्राने दस्यूंना मारल्याचे सांगताना 'अनासः' असा शब्द येतो. तो 'अ-नास' असा फोडला तर नाक नसलेले, आणि 'अन्-आस' असा फोडला तर तोंड नसलेले. सायणाचार्यांनी दुसरी फोड घेतली आणि तोंड म्हणजे येथे शब्द, वाणी, म्हणून 'अशब्द', असा अर्थ दिला. त्याच ऋचेत पुढे दस्यूंना 'मृध्रवाचः', म्हणजे शत्रुत्वाची वाणी असलेले, म्हटले आहे, हे पाहता तो अर्थ बरोबर जुळतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांनी पहिली फोड पसंत केली. मॅक्स म्यूलर यांनी ती आरंभी साशंकपणेच सुचवली होती, पण हर्बर्ट रिस्ले यांच्यापर्यंत पोहोचेतो तिची शंका गळून पडली. वेदांत आर्यांच्या शत्रूंच्या नाकांचे उल्लेख वारंवार येतात, असे रिस्ले यांनी 1891 साली लिहून टाकले, आणि प्रत्यक्षात आधार होता तो या एका संदिग्ध शब्दाचा. पुढे 1901 च्या जनगणनेचे आयुक्त झालेल्या याच रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे आणि तो 'नासिकांक' जातींच्या उतरंडीशी ताडून पाहायचा, असे शास्त्र उभे केले. नाक जितके रुंद तितका दर्जा खालचा, असा त्याचा निष्कर्ष होता.

या शास्त्राला आपल्याकडच्या विद्वानांनी जी उत्तरे दिली ती मराठी वाचकाने मुळातून वाचावीत अशी आहेत. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 साली रिस्ले यांचीच मापे पुन्हा तपासली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली शूद्रांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात 'अनास' या शब्दाच्या दोन्ही फोडी समोर ठेवून नाकाच्या फोडीवर उभारलेला वंशभेद नाकारला, आणि 1948 साली अस्पृश्यतेवरच्या ग्रंथात नासिकांकाचेच तक्ते हाती घेऊन दाखवले की या मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. प्रतिपक्षाच्याच मोजपट्टीने प्रतिपक्षाला मोजण्याची ही रीत मला फार आवडते. बाबासाहेबांनी नाकांची मोजदाद करणाऱ्या शास्त्राला त्याचेच नाक मुठीत धरायला लावले, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि माझ्या कसोटीला तो उतरतोही, कारण येथे नाक त्या शास्त्राचेच आहे.

रुंद नाकपुडीचा खरा संबंध कशाशी, याचा थोडासा उलगडा 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशशास्त्रीय अभ्यासाने केला. नाकपुड्यांची रुंदी आणि पूर्वजांच्या प्रदेशातले तापमान व हवेतला ओलावा यांचा मेळ बसतो, असे त्यात दिसून आले. थंड, कोरड्या हवेत अरुंद नाक श्वासाला ऊब आणि ओल देते. ज्यात रिस्ले यांना दर्जा दिसला, त्यात निदान काही अंशी श्वास होता.

दर्जाचे हे माप बोलभाषेत आजही चालू आहे. मुलीचे वर्णन करताना 'नाकीडोळी नीटस' म्हणायचे, नाक चाफेकळीसारखे असावे अशी अपेक्षा धरायची, आणि नसले तर 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण तयार असते. ती म्हण आज आपण रेल्वेच्या उशिरापासून अर्थसंकल्पाच्या मंजुरीपर्यंत कशालाही लावतो आणि त्यात कुणी नकटी बसलेली आहे हे विसरून जातो. विघ्ने तिच्या लग्नाला का येतात, याचे कारण म्हण सांगत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे असे ती गृहीत धरते. 'नकटे असावे पण धाकटे असू नये' ही म्हण त्या मानाने दिलदार आहे. तिच्यात नकटेपण हे निदान सोसण्यासारखे दुःख तरी ठरते.

आता दोन आक्षेप. पहिला असा की ही सगळी मेलेली रूपके आहेत. 'यजमान संघाचे नाक कापले' असा मथळा वाचताना कुणाच्या डोळ्यांसमोर सुरी येत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण रूपक मेले की झोपले हे ते जागे होईपर्यंत कळत नाही. 2017 च्या नोव्हेंबरात एका चित्रपटाच्या वादात एका अभिनेत्रीला उघड धमकी दिली गेली, आणि ती देताना लक्ष्मणाने शूर्पणखेचे जे केले त्याचा दाखला दिला गेला. स्पष्टीकरणाची कुणालाही गरज भासली नाही. त्याआधी 2010 साली अफगाणिस्तानातल्या एका तरुणीचे छायाचित्र आंतरराष्ट्रीय साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले होते. सासर सोडून पळाल्याबद्दल तिचे नाक खरोखरच कापले गेले होते. जिथे कृती जिवंत आहे तिथे रूपक मेले म्हणणे हा आपल्या सोयीचा निर्वाळा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाषेची अशी झाडलोट करू लागलो तर उरेल ती परिपत्रकांची भाषा, ज्यात कुणाला नाक नसेल आणि कुणाला तोंडही नसेल. मला ही भीती मान्य आहे, आणि म्हणूनच शब्दकोशातून, जुन्या साहित्यातून किंवा पाठ्यपुस्तकातून काही वगळावे असे मी म्हणत नाही. उलट शाळेत 'घराण्याचे नाक' हा प्रयोग शिकवावा, आणि तो शिकवताना अर्थशास्त्रातला तो नियमही शेजारी ठेवावा; मुले मोठ्यांपेक्षा लवकर समजतात. माझी मागणी फक्त आज जबाबदारीने लिहिणाऱ्या आणि बोलणाऱ्यांकडे आहे. संघ हरला तर पराभव म्हणावे, सरकार तोंडघशी पडले तर नामुष्की म्हणावे, आणि एखाद्या मुलीने आपल्या मर्जीने लग्न केले तर लग्न म्हणावे.

शेवटच्या बाबतीत वर्तमानपत्रांची अडचण मला कळते. मुलीचा किंवा तिच्या नवऱ्याचा खून घरच्यांनी केला की 'खोट्या प्रतिष्ठेपायी' असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. हेतू चांगला आहे, पण 'खोट्या' हे विशेषण लावताच कुठेतरी एखादी खरी प्रतिष्ठा आहे आणि तिच्यासाठी कदाचित वेगळा हिशेब लागू होईल, असे वाक्यच कबूल करून बसते. शक्ती वाहिनी प्रकरणात 27 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात खाप पंचायतीने किंवा कोणत्याही जमावाने ढवळाढवळ करणे बेकायदा ठरवले. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 चा, तो 2017 मध्ये लागू झाला. कायद्याने सामूहिक नाकाचा हक्क अशा रीतीने नाकारला आहे. भाषा मात्र तो अजून मान्य करते, आणि गुन्ह्याच्या बातमीतही खून करणाऱ्याच्या नाकाची चौकशी आधी करते.

कायद्याचे नाकाशी असलेले नाते मात्र सगळेच असे स्वच्छ नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत गंभीर दुखापतीची जी यादी होती तीच थोड्या बदलाने आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये आहे. कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, कोणत्याही एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अशी त्यात स्वतंत्र नोंद आहे. वासाची शक्ती जाण्याचा उल्लेख नाही. नाक कापले तर अवयव गेला म्हणून किंवा चेहरा कायमचा विद्रूप झाला म्हणून ते यादीत येऊ शकते, म्हणजे तिथेही नाक दिसण्यापुरतेच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा एकवीस प्रकार मोजतो. त्यांत गंध न कळणे नाही. घरात गॅस सुटला किंवा काही जळू लागले तर ज्याला ते कळत नाही त्याचा धोका कुणा लंगड्याच्या धोक्याहून लहान नाही, पण त्या धोक्याला आपल्याकडे नाव नसल्यामुळे तो मोजायचा कसा, हा प्रश्नच उभा राहिला नाही.

2020 साली मात्र तो अचानक उभा राहिला. करोनाच्या लक्षणांत वास आणि चव जाणे यांचा समावेश केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 13 जूनला केला, आणि घराघरांत माणसे डोळे मिटून काहीबाही हुंगून पाहू लागली. मराठी बोलणाऱ्या रुग्णाला हे सांगायचे कसे हे कळेना. वस्तुतः शब्द कधीकाळी होता. सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेच्या एकोणपन्नासाव्या कारिकेत अकरा इंद्रियांच्या अकरा हानी सूचित केल्या आहेत, आणि तिचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी त्यांची नावे देताना बहिरेपण, अंधत्व, मुकेपण, पांगळेपण यांच्याबरोबर 'अजिघ्रता' असे स्पष्ट लिहिले आहे: हुंगता न येणे. बाकीची दुखणी त्या यादीतून उतरून बोलीत आली, रोजची झाली, त्यांच्यावर म्हणी झाल्या. अजिघ्रता पोथीतच राहिली, कारण ती कुणाला दिसत नव्हती. आज तो शब्द कुणी बोलीत आणील असे मला वाटत नाही, तो जिभेवर बसणारा नाही. पण मराठी माणूस 'डोळे गेले' म्हणतो, 'कान गेले' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला दुखणे कळते. त्या दिवसांत डॉक्टरांना 'माझे नाक गेले' असे सांगण्याची सोय मात्र कुणालाच नव्हती, कारण त्या वाक्याचा अर्थ आधीच दुसऱ्या कामासाठी अडकून पडलेला होता, आणि ऐकणाऱ्याने विचारले असते, असे केलेस तरी काय?